केळ्यांपाशी, बुधवारी अकरा वाजता

श्रूजबरी, शुक्रवार, २४ ऑक्टोबर

प्रिय शोभना,

पाकीट बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे, गोळ्या वेळेवर घेतो, मफलर गुंडाळतो. पत्र अशासाठी, की फोनवर आपलं बोलणं होत नाही, जाहीर सभा होते. इकडे केदार फोन स्पीकरवर टाकतो, तिकडे रुचा टाकते. मधेच अनिका "आजी, शो मी द बेबी" म्हणून फोन ओढून घेते, अन् तू जेवलीस का एवढं विचारेपर्यंत सूनबाई रेणूची मीटिंग सुरू होते.

दिवाळीत वाटलं होतं, चला, जर्सी सिटीला दोन दिवस तरी एका छपराखाली आहोत. तर तू आत बाळ-बाळंतिणीजवळ, मी बाहेर सोफ्यावर, अन् घरभर तीस माणसं. निघताना तू गाडीच्या काचेशी येऊन म्हणालीस, "कानाला वारा लागू देऊ नका." माझ्या दिवाळीच्या पदरात तेवढंच पडलं.

ऑगस्टमध्ये विमानातून उतरलो तेव्हा ठरलं काय होतं? दीड महिना तू लेकीकडे बाळंतपणाला, मी इकडे चार तासांवर लेकाकडे अनिकाच्या शाळेच्या बसवर, अन् मग फेब्रुवारीत परत जाईपर्यंत दोघं एकत्र. दीड महिना कधीच उलटला. कोणी विषय काढत नाही. मीही काढत नाही, पोरांच्या अडचणी दिसतात.

बरं, माझी खबर ऐक. अनिकाची बस गेली की मी चालत हार्वेस्ट लेनमध्ये जातो. हे इथलं सुपरमार्केट, आपल्या सीताबर्डीतली दहा दुकानं पोटात घालेल एवढं. परवा दह्याचा डबा घेतला. फळीवरच्या चिठ्ठीत एक भाव, बिलात दुसराच, जास्तीचा! मला कसं दिसणार नाही? तीस वर्षं वजनमापे खात्यात काटे तपासले, छापील किमतीवर दोन रुपये जास्त घेणाऱ्यांवर खटले भरले. गेलो तडक कस्टमर सर्व्हिसच्या काउंटरवर. तिथे पाटीच लावली आहे, की यंत्राने फळीपेक्षा जास्त भाव लावला तर ती वस्तू फुकट. काउंटरवरच्या पॅटीबाईंनी माझ्याबरोबर फळीपर्यंत येऊन बघितलं, चिठ्ठी फाडली, सगळे पैसे परत केले अन् वर म्हणाल्या, "सॉरी अबाउट दॅट, हनी." मला हनी म्हणाल्या. नोंद घ्यावी.

केदार सांगत होता, तुमच्या इमारतीच्या खालीच ह्याच कंपनीचं दुकान आहे. जाऊन बघ जरा. बिल तपासल्याशिवाय बाहेर पडू नकोस.

तुझा,
मोरेश्वर


जर्सी सिटी, शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

अहो हनी,

पत्र मिळालं. टपालपेटीची किल्ली शंतनूकडे असते, त्यामुळे तुमचं पाकीट आधी जावयाच्या हातात, मग रुचाच्या. "बाबांनी लेटर पाठवलं? सो क्यूट! आई, मोठ्याने वाच ना." मी म्हटलं, वाचते हो, आधी बाळाची दुपटी घडी करते. अन् दुपट्यांतच दडवलं ते पत्र. ह्या वयात लेकीपासून नवऱ्याचं पत्र लपवायची वेळ आली बाप्पा!

लग्नानंतर तुमची गडचिरोलीला बदली झाली होती तेव्हा अशीच पाकिटं यायची. तेव्हाही तुम्ही पानभर तिथल्या तांदळाचे भाव लिहायचे, अन् मी शेवटच्या ओळीत काहीतरी सापडेल म्हणून शेवटूनच वाचायला घ्यायची. आजही तसंच वाचलं. शेवटी काय, तर बिल तपास!

तरी गेले हो दुकानात. पहिल्यांदा एकटी गेले, बाळाला बाबागाडीत घालून. ही सव्विसाव्या मजल्यावरची काचेची पेटी, खाली नदी, पलीकडे न्यूयॉर्क. सगळे वा वा करतात, अन् मला सकाळी उठल्यावर पाय जमिनीला लागावेसे वाटतात. दुकानात शिरल्या शिरल्या उजव्या हाताला केळी, पुढे सफरचंदं, मग भाजी, त्यावर दर थोड्या वेळाने पाणी शिंपडतात. सांबाराची जुडी घेतली. रुचा आता कोथिंबीर म्हणते, पुण्याच्या सासरी बाटली पोरगी.

तुमच्याकडेही आत शिरल्यावर उजवीकडे केळीच आहेत का? असतील तर एक सुचतं. हसू नका. नागपूरला दर बुधवारी आपण बाजारात जायचो ना, मी पुढे अन् तुम्ही पिशवी धरून दोन पावलं मागे? तर बुधवारी अकरा वाजता तुम्ही तुमच्या दुकानात शिरा, मी माझ्या शिरते. केळ्यांपासून सुरू करायचं. घाई नाही करायची, मला वांगी दाबून बघायला वेळ लागतो.

बाळ छान आहे. झोपेत हसतं. रुचा रात्री थकते, मग चिडते, मग माझ्याच कुशीत येऊन झोपते.

तुमची,
शोभना


श्रूजबरी, गुरुवार, ६ नोव्हेंबर

प्रिय शोभना,

उजवीकडे केळीच आहेत.

काल अकराला मी हजर होतो. पिशवी धरून हळूहळू चाललो. वांग्यांपाशी थांबलो, तू दाबून बघत असशील म्हणून उगाच दोन मिनिटं उभा राहिलो. इथली वांगी एवढाली, एकात चौघांचं भरीत होईल. मी म्हटलं, "अगं, ही घेऊ नकोस, आत बिया असतील." मोठ्याने म्हटलं! शेजारी एक गोरा म्हातारा मका निवडत होता, त्याने माझ्याकडे बघितलं अन् मक्याचं कणीस परत ठेवून दिलं.

भांड्यांच्या रांगेत एक स्टीलचं चहाचं भांडं बघितलं. बरोब्बर दोन कपांचं, चोच असलेलं. इथे चहा म्हणजे कपात पाणी, कप मायक्रोवेव्हमध्ये, वरून पिशवी. रेणू प्रेमाने देते म्हणून पितो. भांड्याला सोळा डॉलर! ठेवून दिलं.

आता थोडी अप्रिय बातमी. ह्या पंधरवड्यात मी यंत्राच्या तीन चुका पकडल्या. तिन्ही खऱ्या, पॅटीबाईंनी मान्य केल्या. पण केदारच्या टीममधल्या कोणीतरी मला काउंटरवर वाद घालताना पाहिलं. रात्री जेवताना केदार म्हणाला, "बाबा, यार, मला आणून द्यायचं ते मी आणून देतो ना. फुकटच्या दह्यासाठी भांडायचं नाही. आम्हाला इथे राहायचंय." मी म्हटलं, दह्यासाठी नाही रे, चूक ती चूक. खरं सांगू? चुकीसाठीही तेवढंसं नाही. दिवसभरात माझ्याशी सावकाश बोलणारं माणूस त्या काउंटरवर भेटतं.

अन् त्याच रात्री त्याने सांगितलं, की रुचा तुझा मुक्काम आणखी सहा महिन्यांनी वाढवण्याचा अर्ज करते आहे. मला वाटलं तू लिहिशील. हरकत नाही. चांगलंच आहे, बाळाला आजी हवी. मी ठरल्याप्रमाणे फेब्रुवारीत नागपूरला जातो. घर किती दिवस बंद ठेवणार?

पुढच्या बुधवारी मसाल्यांच्या रांगेतून जाऊ. तिथली हळद बघ, नुसता रंग.

तुझा,
मोरेश्वर


जर्सी सिटी, गुरुवार, १३ नोव्हेंबर

अहो,

काल मी दुकानात गेले नाही. तुम्ही एकटेच फिरला असाल हळद बघत. फिरा.

"चांगलंच आहे"? हे तुम्ही लिहिलं? पंचेचाळीस वर्षं संसार केला, अन् मी ऑगस्टपर्यंत इथे राहणार, तुम्ही एकटे जाऊन त्या घराचं कुलूप उघडणार, तर ते चांगलंच आहे! वर "हरकत नाही". मी काय तुमच्याकडे रजेचा अर्ज केला होता, मंजुरीचा शेरा मारायला?

मी रुचाला हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. तिने विचारलं तेव्हा ती रडत होती. दूध पुरत नव्हतं, बाळ ओरडत होतं, त्यात जानेवारीत रजा संपते ही धास्ती. अशा वेळी आई लेकीला काय म्हणणार? मी म्हटलं, बाबांना विचारू. मला वाटलं तुम्ही नाही म्हणाल. तुम्ही आयुष्यभर सगळ्या विदर्भाला नाही म्हणत फिरलात, दुकानांना सीलं ठोकलीत, एवढं एक नाही माझ्यासाठी म्हणवलं नाही तुम्हाला.

मी समजत होते, तुम्ही तिथे मजेत आहात. तुमच्या चुका, तुमचं दही, तुमच्या पॅटीबाई. म्हणून काही लिहिलं नाही. म्हटलं, कशाला त्या माणसाच्या आनंदात विरजण घाला.

आता मी लिहिते, कारण कोणीतरी लिहायला हवं. मला इथे करमत नाही. बाळावर जीव आहे, लेकीवर आहे, तरी करमत नाही. संध्याकाळी समोरच्या इमारतीत दिवे लागतात, एकेका खिडकीत दोघं दोघं जेवायला बसलेली दिसतात, अन् मी पडदा ओढून घेते.

तुमचं ते चहाचं भांडं इथेही आहे. बारा डॉलर. तुमच्यासारखा साहेब असून तिथे सोळा घेतात म्हणजे कमालच आहे.

शोभना


श्रूजबरी, गुरुवार, २० नोव्हेंबर

प्रिय शोभना,

हे पत्र तू शेवटून वाचायला घेशील, म्हणून सांगतो, आधी शेवटाकडे जाऊ नकोस. माझं नाक कापलं गेलं ते क्रमाने ऐक.

तुझं पत्र सोमवारी आलं. सगळं वाचलं. जे समजत नाही ते माणूस बाजूला ठेवतो अन् समजतं ते हातात घेतो. मला त्यातलं एकच वाक्य हातात घेता आलं: तिथे बारा, इथे सोळा. म्हटलं, सापडली! एकच कंपनी, तेच भांडं, अन् चार डॉलरचा फरक. ही तर चुकांची महाराणी.

काल अकराला दुकानात गेलो. भांडं विकत घेतलं, बिल घेतलं अन् काउंटरवर पॅटीबाईंपुढे भांडं, बिल आणि पुरावा म्हणून तुझं पत्र ठेवलं. म्हटलं, "मॅडम, प्रायसिंग एरर. जर्सी सिटी, ट्वेल्व्ह." त्या म्हणाल्या, प्रत्येक शाखेचा भाव वेगळा असतो, ही चूक नव्हे. मी कसला ऐकतो! सांगितलं, आमच्या देशात वस्तूवर किंमत छापलेली असते, मुंबईत घ्या की मेळघाटात, त्याच्या वर कोणी घेऊ शकत नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं. मागे रांग वाढत होती. मग त्यांनी चष्मा लावला, तुझं पत्र उचललं, अर्थात अक्षर कळेना, अन् विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

"माय वाइफ."

"ती जर्सीत काय करते?"

शोभना, एवढा साधा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता. मी सांगायला लागलो. म्हटलं, शी इज विथ डॉटर, आय अॅम विथ सन. त्या म्हणाल्या, कधीपासून? म्हटलं, ऑगस्ट. त्या म्हणाल्या, "डू यू मिस हर?" मी हो म्हणायला तोंड उघडलं अन् आधी रडूच फुटलं. मोरेश्वर, निवृत्त निरीक्षक, सुपरमार्केटच्या काउंटरला धरून उभा, डोळ्यांतून पाणी, मागे सहा माणसांची रांग! एका बाईने कागदी रुमाल पुढे केला. मग मी म्हटलं, "येस. व्हेरी मच."

जे तुला कधी म्हटलं नाही ते त्या अनोळखी माणसांसमोर इंग्रजीत म्हटलं. घरी येताना रस्ताभर त्याचीच लाज वाटत होती. रडल्याची नव्हे, तुला न म्हटल्याची.

तर आता मराठीत म्हणतो. मला तुझी फार आठवण येते. मी दुकानात चुका शोधत नाही, वेळ ढकलतो. तू मुक्काम वाढवू नकोस. ही परवानगी नाही अन् हुकूमही नाही, विनंती आहे. अन् फेब्रुवारीपर्यंतही मला असं राहवत नाही.

पॅटीबाईंनी भावाचे पैसे काही दिले नाहीत. पण बिलाची मागची बाजू दाखवली. ह्या कंपनीची वस्तू कुठल्याही शाखेतून घेतली तरी महिन्याभरात कुठल्याही शाखेत परत करता येते, बिल हवं अन् वस्तू वापरलेली नको. बिलावर बोट ठेवून म्हणाल्या, "मग तिकडे जाऊन परत कर ना." वूस्टरहून न्यूयॉर्कला बस जाते, हेही त्यांनीच सांगितलं.

केदारला विचारलं तर म्हणेल ख्रिसमसला आपण सगळे ड्राइव्ह करून जाऊ. पुन्हा तीस माणसं, पुन्हा सोफा. त्याला मी सांगेन, विचारणार नाही. तुला मात्र विचारतो. भांडं घेऊन येऊ का?

तुझा,
मोरेश्वर


जर्सी सिटी, मंगळवार, २५ नोव्हेंबर

अहो,

या.

पत्र खाली टपालपेट्यांपाशीच उभ्याने वाचलं. शंतनूकडून किल्ली मागून घेतली आहे आता. शेवटून नाही वाचलं, तुम्ही सांगितलं तसं क्रमाने वाचलं, अन् मग दोनदा मधलंच वाचलं. तिथला दरवान विचारायला लागला, मॅम, एव्हरीथिंग ओके? मी म्हटलं, व्हेरी ओके.

ह्या आठवड्यात थँक्सगिव्हिंगची गर्दी आहे, बसमध्ये जागा मिळायची नाही. पुढच्या बुधवारी या, तीन तारखेला. कानटोपी घाला, हसतील ते हसू देत. बसमध्ये तळलेलं खाऊ नका. अकराचा हट्ट नको, बस दुपारीच पोचेल. न्यूयॉर्कच्या स्टँडवर शंतनू येईल तुम्हाला घ्यायला. त्याला एकट्यालाच सांगितलंय. लाजला बिचारा, पण हो म्हणाला. घरी वर आणू नको, खाली दुकानाशी सोड म्हटलं.

मी केळ्यांपाशी आहे.

तुमची,
शोभना


जर्सी सिटी, शुक्रवार, ५ डिसेंबर

चि. केदार,

फोनवर तू म्हणालास, "आई, मी मीटिंगमध्ये आहे, शॉर्टमध्ये सांग." हे शॉर्टमध्ये सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. सावकाश वाच. जमलं तर रेणूलाही वाचून दाखव.

तू रागावला आहेस की बाबा एवढ्या थंडीत एकटे बसने आले. काळजीने रागावलास, ते कळतं मला. पण ते तुला आदल्या रात्री सांगून निघाले, अनिकाला बसवरून घ्यायचं रेणूशी बोलून ठरवून निघाले. तू म्हणालास, "एका भांड्यासाठी बाबा न्यूजर्सीला जातात? मी ऑनलाइन रिटर्न करतो." लेकरा, तुला खरंच वाटलं भांड्यासाठी?

बुधवारी मी अकरालाच खाली उतरले. माहीत होतं तीन वाजतील, तरी उतरले. बाळ झोपलं, उठलं, पुन्हा झोपलं. दुकानातल्या मुलीने मला बसायला खुर्ची दिली. मग दारातून कानटोपी आत आली. हातात पिशवी, पिशवीत ते भांडं. माझ्यासमोर येऊन उभे राहिले, अन् एवढ्या वाटेने येऊन बोलले काय, तर "केळी आमच्यापेक्षा स्वस्त आहेत." मी तिथेच रडायला लागले. मग त्यांनी माझा हात धरला. भर दुकानात, केदार. नागपूरच्या बाजारात कधी धरला नाही.

मग म्हणाले, आलो आहे तर काम उरकू, अन् परतीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. तिथल्या पोरीने बिल बघितलं अन् विचारलं, भांड्यात काही खराबी आहे का? तुझे बाबा म्हणाले, नाही, उत्तम आहे. तिने विचारलं, मग परत का करताय? तिला संगणकात कारण भरायचं होतं. जन्मभर दुकानदारांचं खोटं पकडलेला माणूस, त्यांना एक साधं खोटं कारण सुचेना. माझ्याकडे बघायला लागले. मी काउंटरवरून भांडं उचललं अन् म्हटलं, नो रिटर्न.

वर येऊन त्यातच चहा केला. आलं घालून, उकळून, दोनच कप. रुचा आतून आली, दारात उभी राहून आमच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, तू मला सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं, तू रडत होतीस गं. ती म्हणाली, "मला वाटलं तुला इथेच राहायचंय." मग आम्ही दोघीही रडलो अन् तिसरा कप त्यात मावला नाही म्हणून पुन्हा चहा टाकला. अर्ज ती करणार नाही. इमारतीतच पाळणाघर आहे, काल रुचा अन् शंतनू जाऊन बघून आले. सोपं जाणार नाही तिला, माझ्याही जिवाला लागेल. पण होईल.

आता तुझं. तुम्ही दोघा भावंडांनी काही वाईट केलं नाही. दोघांच्या घरी गरज होती अन् आम्ही दोघं होतो, एकेक वाटून घेतलं. हिशेब बरोबरच दिसतो. पण आम्ही असे सुटे सुटे येत नाही रे. फेब्रुवारीपर्यंत एक महिना इथे, एक महिना तिकडे, कसंही ठेवा, पण बॅगा दोघांच्या एकदम उचला. अन् परत जाऊ तेही दोघंच.

शनिवारी बाबांना न्यायला येतो म्हणालास. ये, मुलीला आण, भरीत करते. गाडीत दोन जागा रिकाम्या ठेव. दोन नसतील तर एकही नको.

तुझी,
आई

ता.क. बाबा म्हणतात, पॅटीबाईंना जाऊन सांग की भांडं परत केलं नाही, ठेवून घेतलं. अन् बुधवारी अकरा वाजता फोन करत जाऊ नकोस, आम्ही बाजारात असतो.